ते दर्या झाडायचे

मागच्या वेळी आपण घरातल्या जुन्या कागदांविषयी बोललो होतो. सातबारा, फेरफार, शाळा सोडल्याचा दाखला, असं सगळं. तेव्हा एका बचत गटातल्या ताईंनी विचारलं होतं, "कागदावरचं वाचता येतं हो, पण ट्रंकेत जुने फोटो आहेत आणि त्यांच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. ते कसे वाचायचे?" आज त्या प्रश्नाचं उत्तर देते. माझ्याच घरातल्या दोन फोटोंवरून देते, म्हणजे मी कुठे चुकले तेही सांगता येईल.

माझं सासर सानपाड्याचं. आज सानपाडा म्हटलं की रेल्वे स्टेशन, पामबीच रस्ता आणि उंच इमारती आठवतात. पण मूळचं हे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. माहेर माझं रायगडच्या किनाऱ्यावर. आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात नौदलात खलाशी होते. ते मी लहान असतानाच गेले. आजी मात्र खूप वर्षं होती. ती गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. लुगडी, भांडी वाटली गेली. तळाशी दोन फोटो होते. ते कुणालाच नको होते, म्हणून माझ्याकडे आले.

पहिल्या फोटोत तीन खलाशी एका मोठ्या लोखंडी गोळ्याभोवती उभे आहेत. गोळ्याला शिंगं आहेत. आजोबा डावीकडे आहेत आणि एकाने तर शिंगावर चक्क कोपर टेकवलंय. दुसऱ्या फोटोत आजोबा एकटेच आहेत. बोटीच्या मागच्या टोकाला उभे, आणि शेजारी दोन्हीकडे निमुळती होत गेलेली, माणसाहून लांब अशी लोखंडी वस्तू आडवी ठेवलेली.

घरात या फोटोंची एक गोष्ट होती. मामा सांगायचे, "आमच्या वडलांनी भर समुद्रात दुश्मनाचा बॉम्ब पकडला. हा बघा फोटो." लग्नकार्यात, पाहुण्यांत ही गोष्ट रंगायची. आजी मात्र ती कधी सांगायची नाही. तिला विचारलं तर एवढंच म्हणायची, "ते दर्या झाडायचे गं. रोज सकाळी, बोटी सुटायच्या आधी."

मामांना हे अजिबात आवडायचं नाही. "आई, असं चारचौघांत बोलू नकोस. लोकांना वाटेल आपले वडील बोटीवर झाडूवाले होते." आजी गप्प बसायची. आम्ही पोरंही हसायचो. दर्या कुणी झाडतं का?

ते दोन फोटो घेऊन मी सानपाड्याला आले आणि ठरवलं की यात नेमकं काय आहे ते शोधायचं.

आधी तो शिंगांचा गोळा. आपल्याकडे विहीर खणताना खडक लागला की सुरुंग लावतात, ते तुम्ही पाहिलंय. समुद्रातही सुरुंग लावतात, जहाजं बुडवण्यासाठी. त्याला सागरी सुरुंग म्हणतात, इंग्रजीत माइन. हा गोळा साधारण मीटरभर रुंद असतो. आतून पोकळ असल्यामुळे तो तरंगू पाहतो. पण त्याला तारेचा दोर बांधून दोराचं दुसरं टोक तळाशी एका जड पेटीला अडकवलेलं असतं. दोराची लांबी अशी ठेवतात की गोळा पाण्याच्या थोडा खालीच राहावा. वरून काही दिसत नाही. जाळ्याचा बोया वर दिसतो, हा बोया मुद्दाम लपवलेला, एवढाच फरक. पोटात दारू किती? रशियाच्या १९०८ सालच्या नमुन्यात ११५ किलो, तर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या एका नेहमीच्या सुरुंगात ३०० किलो.

शिंगं कशासाठी? शिंग म्हणजे शिशाची नळी. शिसं मऊ, लगेच वाकतं. आत काचेची कुपी आणि कुपीत रसायन. जहाजाचा धक्का लागला की शिंग वाकतं, काच फुटते, रसायन खालच्या भागात उतरतं आणि तिथे बॅटरीसारखी वीज तयार होते. त्या विजेने दारू पेटते. कुपीतलं रसायन उतरेपर्यंत बॅटरी कोरडीच असते, म्हणून असा सुरुंग पाण्यात वर्षानुवर्षं पडून राहिला तरी जागा राहू शकतो.

मला वाटलं होतं, असले सुरुंग दूर युरोपात असतील, आपल्याकडे कुठले? शोधल्यावर कळलं की ते आपल्या मुंबईच्या तोंडाशी आले होते, आणि आजोबांच्याही आधी, पहिल्या महायुद्धात.

नोव्हेंबर १९१६ मध्ये जर्मनीच्या कील बंदरातून 'वोल्फ' नावाचं जहाज निघालं. वोल्फ म्हणजे लांडगा. वरून साधं मालवाहू दिसणारं, पण पोटात लपवलेल्या तोफा आणि साडेचारशेहून जास्त सुरुंग. कप्तानाचं नाव कार्ल नेर्गर. त्याने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी सुरुंग टाकले, मग कोलंबोपाशी, आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईच्या वाटेवर. मुंबईवर एकही तोफ डागली नाही. अंधारात सुरुंग टाकले आणि निघून गेला.

मुंबईच्या बाजूला त्याची फळं पावसाळ्याच्या तोंडावर दिसली. जून १९१७ मध्ये 'सिटी ऑफ एक्झेटर' नावाच्या जहाजाला सुरुंग लागला, ते कसंबसं मुंबईला पोहोचलं. १७ जूनला 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडालं. २३ जूनला 'मंगोलिया'. हे पी अँड ओ कंपनीचं मोठं टपाली आणि प्रवासी जहाज होतं. इंग्लंडहून मुंबईला येऊन पुढे ऑस्ट्रेलियाला जाणारं. मुंबई पन्नासेक मैलांवर राहिली असताना त्याला सुरुंग लागला आणि थोड्याच वेळात ते बुडालं. वीसहून जास्त माणसं गेली. जुलैच्या अखेरीस 'ओखला' बुडालं. तोवर वोल्फ पार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे पोहोचलं होतं. ते ४५१ दिवस समुद्रात राहून फेब्रुवारी १९१८ मध्ये जर्मनीला परतलं.

आता या जहाजांवर कामाला कोण असायचं ते ऐका. त्या काळच्या इंग्रजी आगबोटींवर हजारो खलाशी आपल्या देशातले असत. डेकवर कोकणातले, रत्नागिरीकडचे, काठेवाडचे. जेवणाच्या दालनात गोव्याचे. खाली भट्टीत कोळसा टाकायला पंजाब-सरहद्दीकडचे. मुंबईत मस्जिद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे, म्हणजे खलाशांचं विश्रामघर. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त भारतीय खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांच्या यादीत सहा हजारांहून जास्त नावं आहेत. सानपाड्याहून हार्बरची लोकल पकडली की थेट मस्जिद स्टेशनला उतरता येतं. इतकी वर्षं मी त्या लोकलने जात होते, खिडकीतून मस्जिद स्टेशनची पाटी पाहत होते, पण हे स्मारक मला ठाऊक नव्हतं. त्या यादीतल्या प्रत्येक नावामागे कुठल्या तरी गावात वाट पाहणारी एक बाई असणार.

आणखी एक गोष्ट यात शिकण्यासारखी आहे. सुरुंग दिसत नाही, त्यामुळे जहाज बुडालं की लोक तर्क करायला लागतात. वोल्फने ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर टाकलेल्या सुरुंगाने जुलै १९१७ मध्ये 'कंबरलँड' नावाचं जहाज फुटलं, तेव्हा सुरुवातीला समज झाला की कुणीतरी मालात बॉम्ब लपवला. पुढे त्याच पाण्यात सुरुंग सापडले तेव्हा खरं कारण कळलं. पुरावा पाहण्याआधी गोष्ट तयार झाली की कुणाकुणावर बोट रोखलं जातं. आमच्या घरात कुणावर आळ आला नाही, पण गोष्ट मात्र फोटो नीट न पाहताच तयार झाली होती.

आता फोटोंकडे वळू. मी कसे वाचले ते एकेक पायरी सांगते. यासाठी काही मोठी साधनं लागत नाहीत. एक भिंग आणि भरपूर उजेड पुरतो. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून पाहिला तरी चालतं.

पहिली पायरी, फोटो उलटा छापलेला नाही ना ते पाहणं. जुन्या काळी काचेची नाहीतर फिल्मची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की डावं उजवं व्हायचं. कुठे अक्षरं असतील तर ती सरळ वाचता येतात का पाहायचं. माझ्या फोटोत टोपीवरची अक्षरं सरळ होती.

दुसरी पायरी, तीच अक्षरं वाचणं. खलाशाच्या गोल टोपीला काळी फीत असते, तिच्यावर इंग्रजीत जहाजाचं नाव असतं. माझ्या फोटोत फितीवर फक्त 'एच. एम. आय. एस.' होतं, पुढे जहाजाचं नावच नाही. मला वाटलं पुसलं गेलं असेल. नंतर कळलं की युद्धात मुद्दामच नाव लिहीत नसत. बंदरात कोणतं जहाज आलंय हे टोपीवरून शत्रूच्या हेराला कळू नये म्हणून. आणि 'एच. एम. आय. एस.' या चार अक्षरांवरूनही काळ कळतो. आपल्या नौदलाला रॉयल इंडियन नेव्ही हे नाव १९३४ मध्ये मिळालं. त्याआधी ती रॉयल इंडियन मरीन होती. आणि २६ जानेवारी १९५० पासून आपली जहाजं 'आय. एन. एस.' झाली. म्हणजे फोटो १९३४ ते १९५० मधला, आणि फितीवर जहाजाचं नाव नाही म्हणजे बहुधा युद्धातला. मागे एक अक्षर लिहिलेलं नसताना चार अक्षरांवरून इतकं कळलं.

तिसरी पायरी, माप. फोटोत माणूस आहे ना, मग तीच आपली मोजपट्टी. गोळा आजोबांच्या कमरेच्या वर येत होता. म्हणजे साधारण मीटरभर. मच्छीमार जाळ्याला लावतात तो लोखंडी गोळा याहून खूप लहान असतो. म्हणून बोया नाही.

चौथी पायरी, आकार आणि शिंगं. जुने फोटो पाहणारी जाणकार मंडळी शिंगं मोजतात. रशियाच्या त्या १९०८ च्या नमुन्याला ५ शिंगं. जर्मनांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या नेहमीच्या गोल सुरुंगाला ७. जपानने किनाऱ्याजवळ होड्या अडवायला टाकलेला लहान सुरुंग अर्धगोल, पालथ्या टोपल्यासारखा, आणि त्याला दोनच शिंगं. पण इथे एक चूक होते, ती माझ्याकडूनही झाली. माझ्या फोटोत चार शिंगं दिसत होती, म्हणून मी वहीत लिहिलं, 'चार शिंगांचा'. मग लक्षात आलं, गोळ्याची मागची बाजू दिसतच नाहीये! म्हणून 'निदान चार' एवढंच म्हणता येतं. कोणत्या देशाचा, हे एवढ्यावरून ठरवायचं नाही. जे दिसतं त्याच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नाही, हा फोटो वाचण्याचा पहिला नियम.

आणि सगळ्या सुरुंगांना शिंगं असतात असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विमानातून पॅराशूटने सोडायचे चुंबकी सुरुंग काढले. ते लांबट नळकांड्यासारखे, शिंगं अजिबात नाहीत. ते तळाशी पडून राहत आणि वरून लोखंडी जहाज गेलं की फुटत. जहाज टेकायचीही गरज नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये असा एक सुरुंग इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या मुखाशी, शूबरीनेसच्या चिखलात ओहोटीला उघडा पडला. जॉन ऊव्हरी नावाच्या अधिकाऱ्याने तो २३ नोव्हेंबरला हाताने खोलला, म्हणून त्याचं गुपित कळलं आणि त्यावर तोड काढता आली. लांबट वस्तू पाहून "हा सुरुंग नाही" म्हणणंही म्हणून धोक्याचं.

पाचवी पायरी, आजूबाजूला काय आहे ते पाहणं. हीच सगळ्यात महत्त्वाची ठरली. पहिल्या फोटोत गोळ्याखाली एक चौकोनी पेटी होती. तिला लहान चाकं होती. म्हणजे जहाजाच्या डेकवर रुळांवरून ढकलत नेऊन मागच्या टोकावरून समुद्रात सोडायची सोय. आता विचार करा. समुद्रातून सुरुंग काढतात तेव्हा त्याचा दोर कापला जातो आणि पेटी तळाशीच राहते. पेटीसकट गोळा म्हणजे तो पाण्यात गेलेलाच नाही. शिवाय रंग नवा, कुठे शेवाळ नाही, कालवं चिकटलेली नाहीत. समुद्रात महिनाभर राहिलेली कुठलीही वस्तू कशी दिसते, ते किनाऱ्यावरच्या बाईला सांगायला नको. आणि तो शिंगावर टेकवलेला कोपर! दारू भरलेल्या जागत्या सुरुंगावर कुणी असा कोपर टेकवणार नाही.

मैत्रिणींनो, म्हणजे आजोबांनी बॉम्ब पकडला नव्हता. बहुधा शिकवण्यासाठी ठेवलेल्या सुरुंगाजवळ तीन तरुण पोरांनी हौसेने काढलेला तो फोटो होता. खरं सांगते, मला वाईट वाटलं. मामांना काय सांगू, असं झालं.

मग राहिला दुसरा फोटो. ती दोन्हीकडे निमुळती वस्तू. टॉर्पेडो वाटली, पण टॉर्पेडोला मागे पंखा असतो, इथे नव्हता. पाणबुडीवर टाकायचा बॉम्ब तेलाच्या पिंपासारखा असतो, तोही नव्हे. वर एक लहानशी काठी उभी होती, झेंडी लावायला असते तशी. मागे तारेच्या दोराचं मोठं रीळ. मी अडकले. आमच्या सोसायटीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांच्याकडे फोटो घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा बॉम्ब नाही. हा झाडू आहे."

मी उडालेच. त्यांनी समजावून सांगितलं. समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या जहाजाला माइनस्वीपर म्हणतात. स्वीप म्हणजे झाडणं. जहाजाच्या मागे तारेचा लांब दोर सोडायचा. त्याच्यावर दातेरी कात्र्या. दोर जहाजाच्या मागे सरळ न जाता बाजूला पसरावा म्हणून त्याला फळी लावायची, आपल्या ट्रॉलरच्या जाळ्याला लावतात तशीच. आणि दोराचं टोक ठरलेल्या खोलीवर राहावं म्हणून वर हा तरंगणारा फ्लोट, झेंडीसकट. त्याला ओरोपेसा म्हणतात. ज्या ब्रिटिश ट्रॉलरवर याचे प्रयोग झाले, तिचं नाव ओरोपेसा होतं. जहाज वाटेवरून पुढे जात राहतं, बाजूला पसरलेला दोर पाणी झाडत येतो. सुरुंगाचा दोर त्यात अडकला की कापला जातो, गोळा वर येतो, मग लांबून बंदुकीने त्याला बुडवतात नाहीतर फोडतात.

ही युक्ती मुळात मच्छीमारांची. इंग्लंडच्या नौदलाने पहिल्या महायुद्धाच्या आधीच, १९१० पासून, ट्रॉलरवरच्या मच्छीमारांना या कामासाठी भरती करून घेतलं होतं, कारण पाण्याखाली दोर ओढत नेण्याची कला त्यांच्या हातात होती. दुसऱ्या महायुद्धात आपल्या नौदलाकडेही असे ट्रॉलर आणि माइनस्वीपर होते. त्यांतलं 'बंगाल' हे जहाज तर प्रसिद्ध आहे. ११ नोव्हेंबर १९४२ ला या लहानशा माइनस्वीपरने तेलवाहू जहाजाला वाचवताना दोन मोठ्या जपानी जहाजांशी लढाई केली आणि त्यांतलं एक बुडालं. ती गोष्ट पुस्तकांत आहे. पण रोज उठून बंदराची वाट झाडणारे खलाशी पुस्तकांत नाहीत. त्यांच्या कामात बहुतेक दिवशी काहीच सापडत नसे. आणि काही सापडलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावं लागे, कारण रात्रीत कुणी काय टाकून गेलं असेल ते सांगता येत नाही. वोल्फने एका अंधाऱ्या फेरीत काय केलं ते आपण ऐकलंच.

काका बोलत होते आणि माझ्या कानात आजी बोलत होती. "ते दर्या झाडायचे गं. रोज सकाळी, बोटी सुटायच्या आधी." आजीला लिहितावाचता येत नव्हतं. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण आजोबांनी तिला आपलं काम नीट समजावून सांगितलं होतं आणि तिने ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं होतं. आम्ही शिकलेल्यांनी तिला गप्प केलं. आणि का, तर 'झाडणं' या शब्दाची लाज वाटली म्हणून. खरं तर आजोबा डेक झाडत असते तरी त्यात लाजण्यासारखं काय होतं?

मामांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईने किती वेळा सांगितलं होतं." एवढंच.

तुम्हाला वाटेल, लढाईचे फोटो वाचणं हे पुरुषांचं काम. तर ऐका. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये मेडमेनहॅम नावाच्या ठिकाणी विमानातून काढलेले हजारो फोटो भिंगाखाली तपासले जात, आणि त्या कामावर बऱ्याच बायका होत्या. कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ही त्यांतली एक अधिकारी. १९४३ मध्ये जर्मनीतल्या पेनेम्युंडे गावाच्या एका फोटोत तिला उतरत्या रुळावर क्रॉसच्या आकाराचं एक इवलंसं काहीतरी दिसलं. ते जर्मनांचं नवं, बिनमाणसाचं उडतं अस्त्र होतं. तांदूळ निवडताना खडा दिसतो ना आपल्याला, तीच नजर.

आणि आपल्या बायका? १९४४ मध्ये आपल्या नौदलातही महिलांचा विभाग सुरू झाला. त्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला गेल्या. पांढरी साडी, खांद्यावर हुद्द्याची पट्टी असा त्यांचा एक फोटो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. त्या फोटोखाली नाव आहे, जागा आहे, तारीख आहे. म्हणून इतक्या वर्षांनी मी तुम्हाला त्यांचं नाव सांगू शकते. त्यांच्या विभागात आणखी शेकडो मुली होत्या. त्यांचे फोटो कुणाकुणाच्या ट्रंकेत, मागे कोरेच, पडून असतील.

आता एक गोष्ट बजावून सांगते, विशेषतः किनाऱ्यावरच्या आणि खाडीकाठच्या गटांना. फोटोतला सुरुंग ओळखणं वेगळं आणि समोर पडलेली वस्तू ओळखायला जाणं वेगळं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळ्याचा स्फोट झाला, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून तो दिवस आजही अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. असा दारूगोळा पाण्यात गंजला म्हणजे मेला, असं समजू नका. वरचं लोखंड कुजतं, आतली दारू तशीच राहू शकते, उलट जास्त नाजूक होते. म्हणून भरतीबरोबर आलेलं, जाळ्यात अडकलेलं, चिखलात दिसलेलं अनोळखी लोखंड हलवू नका, धुऊ नका, भंगारात देऊ नका. फोटो काढायलाही जवळ जाऊ नका. मुलांना लांब करा आणि पोलिसांना ११२ वर कळवा. किनारा सुरक्षेसाठी १०९३ आणि समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर आहेत. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि या महिन्याचं काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक जुना फोटो आणायचा. घरात कुणी म्हातारी माणसं असतील तर आधी त्यांच्यापुढे धरायचा आणि गप्प बसून ऐकायचं. ती जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं, आपल्याला पटो न पटो. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलने, हलक्या हाताने लिहायचं: कोण, कुठे, केव्हा, आणि ही माहिती कुणी सांगितली. बॉलपेन नको, त्याची खूण पुढे उमटते. खात्री नसेल तिथे 'बहुधा' लिहायचं. मनाने रचलेलं काही लिहायचं नाही.

माझ्या दोन्ही फोटोंच्या मागे आता लिहिलेलं आहे. पहिल्यावर, 'आजोबा डावीकडे. शिंगांचा सागरी सुरुंग, पेटीसकट, बहुधा शिकवणीचा. १९३९ ते १९४५ दरम्यान, बहुधा.' दुसऱ्यावर आजोबांचं नाव आणि खाली एक ओळ, 'दर्या झाडायचे. सांगणार, आजी.' त्या ओळीत मी 'बहुधा' लिहिलेलं नाही.

पुढच्या वेळी तुमच्या फोटोंविषयी बोलू. नमस्कार.